अर्थएक्सप्लोरर आणि लँडसॅट कलेक्शन २: माल अव्वल, दुकान जुनाट

एखाद्या जलाशयाचं पाणी चाळीस वर्षांत किती मागे हटलं हे घरबसल्या मोजायचं असेल, तर आजही पहिलं नाव अर्थएक्सप्लोररचंच घ्यावं लागतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचं, म्हणजे यूएसजीएसचं, हे संकेतस्थळ. संस्था १८७९ सालची. खडक, पाणी आणि वन्यजीव या तिन्हींवर तिथे संशोधन चालतं, आणि साउथ डकोटातल्या सू फॉल्सजवळच्या तिच्या इरॉस केंद्रात लँडसॅट उपग्रहांनी १९७२ पासून टिपलेला साऱ्या जगाचा साठा जपून ठेवला आहे. उपग्रह बांधून सोडायचं काम नासाचं. ते चालवणं, चित्रं सांभाळणं आणि वाटणं यूएसजीएसचं. पूर्वी लँडसॅट ७ च्या एका सीनला, म्हणजे एका अख्ख्या चित्राला, ६०० डॉलर पडायचे. २००८ मध्ये साठा मोफत करायचं ठरलं आणि हे शास्त्र पैसेवाल्या प्रयोगशाळांच्या हातून सुटलं.

निकाल आधीच सांगून टाकू: डेटाला दहापैकी नऊ, संकेतस्थळाला दहापैकी पाच. माल अस्सल आहे, पण दुकानात शिरल्यावर कुठल्या फळीवर काय आहे आणि वापरण्याआधी त्याचं काय करायचं, हे सांगायला कुणी नाही. चुकीचा आकडाही नकाशावर तितकाच देखणा दिसतो, ही खरी पंचाईत.

शोध

खातं फुकट उघडता येतं आणि डाउनलोडसाठी ते लागतंच. वर चार टॅब आहेत: सर्च क्रायटेरिया, डेटा सेट्स, ॲडिशनल क्रायटेरिया आणि रिझल्ट्स. पहिल्या टॅबमध्ये नकाशावर टिचक्या मारून बहुभुज काढा. ‘यूज मॅप’ हे बटण सोयीचं वाटतं, पण ते पडद्यावर दिसणारा सगळा प्रदेश धरतं. नकाशा थोडा जरी दूरचा असला तरी शेजारपाजारचे डझनभर सीन यादीत घुसतात. तारीख महिना-दिवस-वर्ष या क्रमाने लिहायची असते. आपल्या सवयीने ५ नोव्हेंबरसाठी ०५/११ टाकलं की ११ मेची चित्रं येतात, आणि संकेतस्थळ हूं की चूं करत नाही.

त्याच ठिकाणी महिने निवडायची सोय आहे आणि ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. दरवर्षीचा फक्त उन्हाळ्यातला पाणीसाठा हवा असेल तर १९८८ ते आजवरचा काळ देऊन दोन महिने निवडले की काम झालं. रिझल्ट ऑप्शन्समध्ये नोंदींची मर्यादा १०० असते. लांब काळाचा शोध घेताना ती वाढवून ठेवा, नाहीतर यादी अर्ध्यावर तुटते आणि तुम्हाला वाटतं पुढची चित्रंच नाहीत.

ढगांची चाळणी लावताना नवखे हमखास फसतात. एक सीन सुमारे १८५ किलोमीटर रुंद असतो, आणि ढगांची टक्केवारी त्या अख्ख्या सीनची असते. तुमचा तलाव त्यातला शेंगदाण्याएवढा. दहा टक्क्यांची कडक चाळणी लावली की ढगाळ महिन्यांतलं जवळजवळ सगळं गळतं, त्यात तलावावर लख्ख ऊन असलेले दिवसही जातात. मर्यादा ६० ते ७० टक्क्यांवर ठेवा आणि रिझल्ट्समध्ये प्रत्येक नोंदीखालच्या चिन्हावर टिचकी मारून झलक-चित्र नकाशावर पसरून पाहा. वेळ जातो, पण हाती लागणाऱ्या तारखा दुपटीने वाढू शकतात.

डेटा सेट्समध्ये ‘लँडसॅट कलेक्शन २ लेव्हल-२’ निवडा (कलेक्शन म्हणजे सारा साठा एकाच पद्धतीने प्रक्रिया करून काढलेली आवृत्ती). त्याखाली तीन नोंदी आहेत: लँडसॅट ४-५, लँडसॅट ७ आणि लँडसॅट ८-९. लेव्हल-१ म्हणजे उपग्रहापर्यंत पोहोचलेला प्रकाश. लेव्हल-२ मध्ये हवेचा परिणाम वजा करून जमिनीचं परावर्तन आणि तापमान काढून दिलेलं असतं. वेगवेगळ्या वर्षांची तुलना करायची असेल तर लेव्हल-१ च्या वाटेला जाऊ नका. सूर्य फार कलता असेल, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून ७६ अंशांहून जास्त खाली, तर लेव्हल-२ तयारच केलं जात नाही. ध्रुवांकडच्या हिवाळ्यात त्यामुळे यादी रिकामी दिसते.

ॲडिशनल क्रायटेरियामध्ये दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. एक, टिअर १. त्यात चित्र जागेवर बसवताना राहिलेली चूक १२ मीटरच्या आत असते, म्हणजे पिक्सेलच्या अर्ध्याहून कमी. टिअर २ चं चित्र दिसायला तसंच, पण काठ सरकलेला असू शकतो. दुसरी, पाथ आणि रो, म्हणजे उपग्रहाच्या मार्गाचा पट्टा आणि त्यातली ओळ; या दोन क्रमांकांवरून सीनची जागा ठरते. तुमची जागा दोन पाथच्या सामाईक पट्ट्यात येते का ते बघा. विषुववृत्ताजवळ हा पट्टा सीनच्या सुमारे ७ टक्के, ध्रुवांकडे जाताना वाढत जातो. तिथल्या जागेला दुप्पट तारखा मिळतात. एक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागी येतो, लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर ८ दिवसांनी.

उणे ०.२ ची मेख

या डेटातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट एका छोट्या वजाबाकीत आहे. लेव्हल-२ च्या फाइलमध्ये परावर्तन थेट लिहिलेलं नसतं, पूर्णांक असतात. खरं परावर्तन काढायचं तर पूर्णांकाला ०.००००२७५ ने गुणायचं आणि ०.२ वजा करायचे. जुन्या कलेक्शन १ मध्ये नुसता ०.०००१ चा गुणक होता, वजाबाकी नव्हती. म्हणून तेव्हा कोणताही गुणोत्तरी निर्देशांक सरळ पूर्णांकांवर काढला तरी चालायचं. गुणक वर-खाली कटून जायचा. कलेक्शन २ डिसेंबर २०२० मध्ये आलं, कलेक्शन १ नंतर काढून टाकलं गेलं, पण जुन्या पद्धतीचे धडे अजून सर्वत्र फिरताहेत. ते गिरवले की घात होतो, कारण वजाबाकी कटत नाही.

उदाहरण आकड्यांत बघू. स्वच्छ पाण्याचा एक पिक्सेल घ्या: हिरव्या बँडचं (बँड म्हणजे एकाच रंगाच्या किंवा तरंगलांबीच्या पट्ट्यातलं चित्र) परावर्तन ०.०६, लघुतरंग अवरक्तचं (यालाच पुढे ‘स्विर’ म्हणू) ०.०२. फाइलमध्ये हे अनुक्रमे ९४५५ आणि ८००० असे दिसतील. पाणी ओळखायचा सुधारित निर्देशांक, एमएनडीडब्ल्यूआय, म्हणजे हिरवा उणे स्विर भागिले त्यांची बेरीज. खऱ्या परावर्तनावर उत्तर येतं ०.५. पूर्णांकांवर तेच गणित केलं तर जेमतेम ०.०८. आता कोरडी जमीन: हिरवा ०.१०, स्विर ०.३०. खरं उत्तर उणे ०.५, पूर्णांकांवर उणे ०.२५. म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यातलं अंतर १ वरून ०.३३ वर येतं. ओलसर काठ आणि उथळ पाणी या अरुंद फटीत एकमेकांत मिसळतात. नकाशा निळा-तपकिरी दिसतोच, म्हणून कुणाला संशय येत नाही.

जिथे चित्रच नाही त्या रिकाम्या पिक्सेलमध्ये टाकलेला भरीचा आकडा ० असतो. तो आधी बाजूला काढला नाही तर सूत्रातून उणे ०.२ परावर्तन बाहेर पडतं आणि सरासरीत मिसळतं. ग्राह्य पूर्णांक ७२७३ ते ४३६३६, म्हणजे परावर्तन ० ते १. या बाहेरचं काही आलं तर ते बहुधा चकाकी, ढग किंवा गडद पाण्यावर फसलेली हवेची दुरुस्ती.

तापमानाच्या बँडचं सूत्र वेगळं: पूर्णांक गुणिले ०.००३४१८०२, अधिक १४९, उत्तर केल्विनमध्ये. ४४१७७ म्हणजे ३०० केल्विन, साधारण २७ अंश सेल्सियस. इथे भरीचा ० तसाच राहिला की १४९ केल्विन येतं, म्हणजे उणे १२४ अंश. निदान ही चूक लपत तरी नाही.

बँडचे क्रमांक आणि त्यामागचं कारण

लँडसॅट ८-९ मध्ये हिरवा ३, लाल ४, निकट अवरक्त ५, स्विर ६ आणि ७. लँडसॅट ४, ५ आणि ७ मध्ये हिरवा २, लाल ३, निकट अवरक्त ४, स्विर ५ आणि ७. म्हणजे ‘बँड ५’ या नावाखाली जुन्यात स्विर आणि नव्यात निकट अवरक्त. जुन्या उपग्रहासाठी लिहिलेला कोड नव्या चित्रांवर चालवला की तो अडत नाही, गुपचूप दुसराच निर्देशांक काढून देतो. कोडमध्ये क्रमांक लिहूच नका. फाइल उघडताक्षणी बँडला हिरवा, लाल, स्विर-१ अशी नावं द्या.

जुन्या मालिकेत ६ नंबर उष्णतेचा बँड आणि ७ पुन्हा स्विर, असा उलटा क्रम का? २.२ मायक्रॉनचा हा बँड मूळ आराखड्यात नव्हता. चिकणमातीची खनिजं नेमक्या याच तरंगलांबीला प्रकाश शोषतात, म्हणून भूवैज्ञानिकांनी आग्रह धरला आणि तो मागाहून जोडला गेला. क्रमांक मात्र सरळ केले नाहीत. हा आग्रह जगभरच्या खनिज-शोधाला फळला, पण त्याच क्रमांकांनी आजही विद्यार्थ्यांना ठेच लागते.

ढगांचा मास्क: ‘क्लिअर’ म्हणजे निर्मळ नव्हे

प्रत्येक सीनसोबत क्यूए पिक्सेल नावाचा बँड येतो. ढगाळ पिक्सेल झाकणारी चाळणी, म्हणजे मास्क, त्यावरूनच बनते. त्यातला प्रत्येक आकडा बिटांनी, म्हणजे चालू-बंद खुणांनी, बनलेला: बिट १ ढगाची पसरट कड, २ विरळ उंच ढग (फक्त लँडसॅट ८-९ साठी), ३ ढग, ४ ढगाची सावली, ५ बर्फ, ६ ‘क्लिअर’, ७ पाणी. बहुतेक जण सरळ बिट ६ घेतात आणि मोकळे होतात. गोम अशी की हा बिट ढग आणि ढगाची कड एवढेच वगळतो. सावली वगळत नाही. लँडसॅट ८ मध्ये सावलीच्या पिक्सेलचा नेहमीचा आकडा २३८८८, आणि त्यात बिट ६ चालू असतो. ढगाची सावली गडद असते आणि पाणीही गडद असतं. परिणाम असा की तुटक ढगांच्या दिवशी माळरानावर तळी उगवतात.

बिट १, २, ३ आणि ४ चारही बंद असलेले पिक्सेल घ्या, हा बरा मार्ग. अगदी कडक निवड हवी असेल तर लँडसॅट ८-९ साठी फक्त २१८२४ (स्वच्छ जमीन) आणि २१९५२ (स्वच्छ पाणी) ठेवा. लँडसॅट ४ ते ७ साठी हेच आकडे ५४४० आणि ५५०४. दोन्ही मालिकांना एकच आकडा लावला की एका मालिकेतला सगळा डेटा उडतो. बिट ७ ला पाण्याचा नकाशा समजू नका. तो मास्क बनवताना निघालेलं उप-उत्पादन आहे. त्यावरून क्षेत्रफळ छापणं धोक्याचं.

चकचकीत वाळू, पत्र्याची छपरं आणि खारट पांढरे काठ यांना हा मास्क ढग समजतो. खाऱ्या तळ्याभोवती दर तारखेला एकाच जागी ‘ढग’ दिसत असेल तर तो ढग नसून मीठ आहे.

पाणी मोजताना

निकट अवरक्त वापरणारा जुना निर्देशांक गढूळ पाण्यात कमी पडतो, कारण गाळामुळे त्या तरंगलांबीला पाणी उजळ दिसतं. स्विर मात्र गढूळ पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो. पुराच्या आणि गाळाच्या काळासाठी म्हणून एमएनडीडब्ल्यूआयच घ्यावा. पाणी आणि जमीन वेगळं करणारा आकडा, म्हणजे उंबरठा, शून्यच असतो हा समज सोडा. प्रत्येक चित्रातल्या निर्देशांकाच्या आकड्यांचा आलेख काढून पाणी आणि जमीन यांच्यामधली दरी कुठे आहे ते बघा. ओत्सुची पद्धत हे काम आपोआप करते, पण चित्रात पाणी अगदीच थोडं असेल तर तीही भरकटते. आधी तलावाभोवती दोन-तीन किलोमीटरचा तुकडा कापा, मग ती लावा.

लहान तळ्यांची मर्यादा समजून घ्यायला साधा हिशेब पुरे. एक पिक्सेल ३० बाय ३० मीटर, म्हणजे ९०० चौरस मीटर. एक हेक्टरच्या गोल तळ्यात अकरा पिक्सेल मावतात, पण पूर्ण पाण्यातले फक्त चार-पाच. उरलेल्यांत पाणी आणि काठ दोन्ही मिसळलेलं. अशा तळ्याचं क्षेत्रफळ पिक्सेल मोजून सांगणं म्हणजे अंदाजपंचे. तेच १०० हेक्टरच्या तलावात ११०० च्या वर पिक्सेल, आणि काठावरचे सुमारे १५०. तिथे आकड्यावर विसंबता येतं.

जलपर्णीने झाकलेलं पाणी निर्देशांकाला हिरवं शेत वाटतं. तलाव आटला असं दिसतं तेव्हा निकट अवरक्तचा बँड उघडून पाहा. आटलेला तळ मध्यम उजळ, तर जलपर्णी लखलखीत. डोंगराळ भागात हिवाळ्यातल्या कलत्या उन्हात कड्यांच्या सावल्या पाणी म्हणून मोजल्या जातात. उपाय सोपा आहे: त्याच संकेतस्थळावरून एसआरटीएमचा उंचीनकाशा घ्या आणि ज्यांचा उतार पाच-सहा अंशांपेक्षा जास्त आहे ते ‘पाण्याचे’ पिक्सेल काढून टाका. पाणी उतारावर थांबत नाही.

एसआरटीएमचा आणखी एक उपयोग फार कमी लोक करतात. ही उंची फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवसांत मोजली गेली, ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यात. त्यानंतर बांधलेल्या धरणांच्या बाबतीत तिथे बुडालेल्या दरीचा मूळ तळ मिळतो, आणि लँडसॅटवरून काढलेल्या क्षेत्रफळाशी जोडला की साठ्याचा अंदाज बांधता येतो. २००० च्या आधीचं धरण असेल तर तिथे पाण्याचा सपाट पृष्ठभागच सापडेल. दाट झाडीच्या दरीत उंची झाडांच्या शेंड्यांकडे झुकते, तेवढी वजावट धरा.

पाण्याच्या गुणवत्तेसाठी, म्हणजे शेवाळ किंवा गाळाचं प्रमाण काढण्यासाठी, लेव्हल-२ चं परावर्तन सरळ वापरू नका. त्यातली हवेची दुरुस्ती जमिनीसाठी बेतलेली आहे. पाण्यातून येणारा प्रकाश मुळातच इतका थोडा की दुरुस्तीतली छोटी चूक मूळ आकड्याएवढी होते. यूएसजीएस पाण्यासाठी वेगळं ‘ॲक्वाटिक रिफ्लेक्टन्स’ देते, ते मागणीनुसार तयार करून मिळतं.

तापमानाचा बँडही जपून. फाइलमध्ये पिक्सेल ३० मीटरचा दिसतो, पण लँडसॅट ८-९ चं उष्णतेचं मूळ मोजमाप १०० मीटरचं, लँडसॅट ७ चं ६० आणि लँडसॅट ५ चं १२० मीटरचं आहे. काठापासून शंभर-सव्वाशे मीटर आत नसलेल्या पिक्सेलमध्ये जमिनीची ऊब मिसळलेली असते. सोबतच्या अनिश्चिततेच्या बँडला ०.०१ ने गुणा, म्हणजे त्या पिक्सेलमध्ये किती केल्विनची शंका आहे ते कळतं. पाच केल्विनची शंका असलेल्या पिक्सेलवरून एका अंशाची तापमानवाढ सिद्ध करणारे प्रबंध या बँडकडे बघत नाहीत.

खडक

भूविज्ञानासाठी दोन गुणोत्तरं पुष्कळ काम देतात. लाल भागिले निळा: लोहाची ऑक्साइडं उठून दिसतात. स्विर-१ भागिले स्विर-२: चिकणमातीची आणि पाणी धरून ठेवणारी खनिजं उठून दिसतात. दुसऱ्या गुणोत्तरात हिरवी पानंही तितकीच उजळतात, कारण पानांतलं पाणी स्विर-२ जास्त शोषतं. म्हणून आधी वनस्पती-निर्देशांक काढून हिरवळ झाका, कोरड्या ऋतूतलं चित्र घ्या आणि मगच गुणोत्तराकडे बघा. हे न करता आखलेले ‘खनिजपट्टे’ बहुधा ओढ्याकाठची झाडी असते.

कोणतं चिकण-खनिज, हे लँडसॅट सांगू शकत नाही. त्या सगळ्या भागासाठी एकच रुंद बँड आहे. कॅओलिनाइट आणि मॉन्टमोरिलोनाइट वेगळं करायचं तर ॲस्टर या दुसऱ्या उपग्रहावरच्या उपकरणाचे सहा स्विर बँड लागतात, आणि तेही एप्रिल २००८ च्या आधीचे; त्यानंतर त्या उपकरणाचा स्विर भाग कामातून गेला.

वन्यजीव

प्राणी ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये दिसत नाहीत, त्यांच्या खुणा दिसतात. याचं सगळ्यात ठळक उदाहरण अंटार्क्टिकाचं. पेंग्विनच्या विष्ठेचे गुलाबी-तपकिरी डाग लँडसॅटवर ओळखून डेंजर बेटांवरच्या वसाहतींचा माग लागला; प्रत्यक्ष मोजणीत ॲडेली पेंग्विनच्या ७,५१,५२७ जोड्या भरल्या आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाकी नेहमीचं काम अधिवासाचं: गवताचा हंगाम, वणव्याचे चट्टे, उन्हाळ्यात टिकणारे पाणवठे. कॉलर लावलेल्या प्राण्याच्या नोंदींशी जोडताना एकाच पिक्सेलचा आकडा घेऊ नका. तीन बाय तीनची सरासरी घ्या आणि नोंदीच्या तारखेपासून आठ दिवसांच्या आतलं चित्र धरा. उपग्रह सकाळी दहाच्या सुमाराला जातो, त्यामुळे दुपारच्या उष्णतेचा ताण यातून थेट मिळत नाही.

खडतर वर्षं

चाळीस वर्षांची मालिका म्हणून जी वाखाणली जाते तिला भोकं आहेत. लँडसॅट ७ चा स्कॅन-लाइन दुरुस्त करणारा भाग ३१ मे २००३ ला बंद पडला. त्यानंतरच्या प्रत्येक सीनमध्ये सुमारे २२ टक्के पिक्सेल तिरप्या पट्ट्यांनी गायब. मधोमध काही चित्र शाबूत, कडेला पट्ट्या रुंद. तिथे पाण्याचे पिक्सेल नुसते मोजले की एक थेंब न आटता जलाशय आक्रसतो. शेजारच्या पिक्सेलवरून भोकं भरू नका. तलावाच्या हद्दीतले किती टक्के पिक्सेल प्रत्यक्ष दिसले ते काढा आणि ९० टक्क्यांच्या खालच्या तारखा वगळा.

लँडसॅट ५ मार्च १९८४ पासून चालला, पण त्याची नेहमीची चित्रं नोव्हेंबर २०११ मध्ये थांबली, आणि लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये उडाला. म्हणजे २०१२ हे अख्खं वर्ष पट्टेवाल्या लँडसॅट ७ च्या भरवशावर. तुमच्या आलेखात २०१२ लाच दुष्काळ दिसत असेल तर आधी हे तपासा. १९८० आणि ९० च्या दशकांत तर अमेरिकेबाहेरच्या अनेक प्रदेशांची वर्षाला दोन-चारच चित्रं आहेत. १९७२ ते ८२ च्या चित्रांना स्विर बँडच नाही, लेव्हल-२ नाही, आणि पाथ-रोची जाळीही वेगळी. त्याआधीचं काही हवं असेल तर त्याच संकेतस्थळावर १९६० च्या दशकातल्या हेर-उपग्रहांची, १९९५ मध्ये गोपनीयता उठलेली छायाचित्रं आहेत. नदीचं धरणापूर्वीचं पात्र बघायला ती नामी, फक्त ती जमिनीवर नेमकी बसवायचं काम तुमच्यावर. स्कॅन झालेली नसतील तर शुल्क पडतं.

उचलणं

पूर्ण सीनचा गठ्ठा जवळपास एक जीबीचा. त्याऐवजी डाउनलोड ऑप्शन्समध्ये एकेक बँड सुटा घेता येतो. पाण्यासाठी हिरवा, स्विर-१, क्यूए पिक्सेल आणि मेटाडेटाची मजकूर-फाइल एवढंच लागतं. पन्नासच्या वर सीन असतील तर टिचक्या मारत बसू नका. यूएसजीएसची मशीन-टू-मशीन सेवा आहे, तिच्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते आणि पासवर्डऐवजी टोकन वापरावं लागतं.

एकाच पाथ-रोचे सीन एकावर एक ठेवताना त्यांच्या कडा जुळत नाहीत. पिक्सेलची जाळी जुळते, पण व्याप दर तारखेला थोडा सरकतो. सगळे एका समान चौकटीत कापून घ्या. दक्षिण गोलार्धातले सीनही यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या उत्तरेच्या पट्ट्यात दिलेले असतात, त्यामुळे तिथले उत्तरेकडचं अंतर सांगणारे आकडे उणे येतात. फाइल बिघडलेली नाही. तुमच्या नकाशातले दक्षिण पट्ट्यातले थर मात्र तिच्यावर नेण्याआधी प्रक्षेपण बदलून घ्या.

अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान तळी हाच तुमचा विषय असेल, तर इथे वेळ घालवू नका. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे हिरवा, लाल आणि निकट अवरक्त बँड १० मीटरचे आहेत, स्विर २० मीटरचा, आणि मालिका २०१५ पासूनची. काही उतरवून न घेता आलेख हवा असेल तर गूगल अर्थ इंजिनमध्ये हेच कलेक्शन २ आहे. तिथेही आकडे पूर्णांकातच येतात, आणि ०.२ ची वजाबाकी तुम्हालाच लिहावी लागते.